बाटलीतले धागे

मे महिना, पारा ४५ वर, दुपारची लाईट गेलेली. आशाताई तालुक्याच्या आमच्या कॉलेजात एक बाटली घेऊन आल्या. साधं इन्सुलिन, ४० युनिटचं, बाटली अर्धी रिकामी. "हे औषध नासलं काय व मॅडम? आजीची शुगर काही उतरून नाही राहिली."

हे इन्सुलिन पाण्यासारखं नितळ हवं. तळाशी मात्र पांढरे धागे होते, पेळूतून सुटलेल्या कापसासारखे.

लाईट आल्यावर थायोफ्लेविन-टीची चाचणी लावली (हा रंग प्रथिनांच्या अशा धाग्यांना चिकटला की चमकतो): २ मिली फॉस्फेट बफरात २० मायक्रोमोलर रंग, त्यात ५० मायक्रोलिटर नमुना. प्रकाश ४४० नॅनोमीटरचा, वाचन ४८५ ला. पहिलं वाचन ताज्या बाटलीइतकंच! कारण पिपेटने वरचं नितळ पाणी घेतलं होतं आणि धागे तळाशी होते. टिपच्या बारीक तोंडात गुठळी अडकते ते वेगळंच. टिप कात्रीने कापली, बाटली हळूच उलटीसुलटी केली, आणि आलेखात ४८५ जवळ उंचवटा आला. गढूळ नमुना नुसता प्रकाश विखुरूनही फसवतो, म्हणून ४६० ते ६०० पूर्ण स्कॅन घ्यावा आणि रंग न घातलेला नमुनाही वाचावा. विखुरलेला प्रकाश ४४० पासून उतरत जातो. रंगाचा उंचवटा स्वतंत्र दिसतो.

खात्रीसाठी काँगो रेड हा दुसरा रंग लावून काच भूगर्भशास्त्राच्या ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली धरली. (दगड पाहायचं ते यंत्र असं कामी येतं.) क्रॉस्ड निकलमध्ये, म्हणजे दोन ध्रुवण-फिल्टर एकमेकांना आडवे ठेवून, हिरवी झाक दिसली. अमायलॉइडच, म्हणजे चुकीच्या घडीच्या प्रथिनांचे धागे.

इन्सुलिनचे रेणू जस्ताच्या आधाराने सहा-सहाच्या गटात सुरक्षित असतात. उष्णतेने गट सुटतात. सुटा रेणू हवा-पाण्याच्या सीमेवर उलगडतो, आणि अर्धी रिकामी बाटली मोटरसायकलला लटकवून नेली की ती सीमा सतत घुसळली जाते. उलगडलेले रेणू पट्ट्यांसारखे एकावर एक रचले जातात, दोन पट्ट्यांत ४.७ अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). अल्झायमरच्या टाऊ या प्रथिनात आणि पार्किन्सनच्या अल्फा-सायन्यूक्लिन या प्रथिनातही हाच सांगाडा असतो.

पण थायोफ्लेविन असा सांगाडा आहे एवढंच सांगतं. घडी कोणती, ते नाही. २०१७ साली क्रायो-इलेक्ट्रॉन (गोठवलेला नमुना पाहणाऱ्या) सूक्ष्मदर्शकाने अल्झायमरच्या मेंदूतला टाऊ दिसला: ३०६ ते ३७८ या अमिनो आम्लांचा 'सी' आकार. पिक या स्मृतिभ्रंशाच्या रोगात तोच टाऊ वेगळा दुमडतो. हेपरिन हे रसायन घालून परीक्षानळीत वाढवलेला टाऊ तर दोन्हींशी जुळत नाही. म्हणून नळीतल्या धाग्यांवरून रोगाबद्दल बोलणाऱ्यावर मी चटकन विश्वास ठेवत नाही.

आशाताईंचा प्रश्न साधा होता: दुसऱ्या घरची बाटली मुळातच दुधाळ प्रकारच्या इन्सुलिनची आहे, ती नासली का ते कसं ओळखायचं? ती तळहातावर हळू घोळवायची. एकसारखी दुधाळ झाली तर ठीक. गुठळ्या उरल्या किंवा काचेला पांढरा थर चिकटून राहिला तर टाकायची. चांगली बाटली माठाजवळ ओल्या फडक्यात, सावलीत. गाडीला लटकवायची नाही.