तुम्ही विचारलंत म्हणून: पोरांना तो गुंडाचा पिक्चर का दाखवला

"मॅडम, तुम्ही कॉलेजात शिकवलेल्या बाई, तालमीतल्या पोरांना गुंडाचा पिक्चर कशाला दाखवला?" हे मला लक्ष्मीपुरीत भाजी घेताना विचारलंय, लग्नाच्या पंगतीत विचारलंय, घरात नणंदेनं विचारलंय. दोन वाक्यात उत्तर दिलं की समोरचा मान हलवतो आणि पुढच्या वेळी परत तेच विचारतो. म्हणून एकदा सगळं लिहून टाकते, पटलं नाही तर नाही.

पिक्चर म्हणजे १९३२ चा 'स्कारफेस'. पोरांच्या टीशर्टवर आणि मोबाईलच्या वॉलपेपरवर जो असतो तो १९८३ चा, अल पचिनोवाला. सुरुवात तिथूनच झाली. तालमीच्या वरच्या हॉलमध्ये मी पोरांना महिन्यातून एखादा पिक्चर दाखवायचे आणि निम्म्यांच्या छातीवर तो माणूस. हा कोण म्हणून विचारलं तर "भाई हाय मॅडम", एवढंच. शेवटपर्यंत पिक्चर एकानंही बघितलेला नव्हता. म्हटलं, मग ज्याच्यावरून तो काढला तो मूळचाच बघूया. हॉवर्ड हॉक्सचा, ब्लॅक अँड व्हाईट, दीड तासाचा. मी भिंतीशी उभी राहून मराठीत सांगत जाणार.

आता लोक म्हणतात, तो तर अमेरिकेतसुद्धा बदनाम पिक्चर होता. होताच की, म्हणून तर दाखवला. शिकागोचा गुंड अल कपोन, त्याच्यावर बेतलेला, आणि कपोनला १९३१ मध्ये इन्कमटॅक्स चुकवल्याबद्दल अकरा वर्षांची शिक्षा लागलेली, म्हणजे जखम ताजी होती. सेन्सॉरवाल्यांनी निर्माता हॉवर्ड ह्यूजेसला पार जेरीस आणलं. गुंडगिरी म्हणजे देशाला लाज आहे अशा अर्थाचं शेपूट नावाला जोडायला लावलं, एक पेपरचा मालक लोकांना भाषण देतो असा अख्खा सीन मध्ये घुसडला, आणि शेवट बदलून नायकाला रीतसर खटला चालवून फाशी दिली. त्या फाशीच्या सीनला पॉल म्युनी, म्हणजे मेन हिरो, हजरच नव्हता, दुसऱ्याच माणसाला उभं करून उरकलं. एवढं करूनही न्यूयॉर्कच्या सेन्सॉरचं समाधान झालं नाही, तेव्हा ह्यूजेसनं कडक बोर्ड नव्हती तिथं जुन्या शेवटासकट तो लावला. शिकागोसारख्या शहरात बंदी आली. नंतर ह्यूजेसनं तो बाजारातूनच काढून घेतला, १९७६ ला तो मेल्यावर कुठं तो परत नीट बघायला मिळाला. आणि १९९४ मध्ये तिथल्याच सरकारी यादीत जपून ठेवायचा सिनेमा म्हणून गेला.

आणि आपण कोल्हापूरकरांनी तरी याचं नवल करू नये. बाबूराव पेंटरांची १९२० ची 'सैरंध्री' आपल्याच गावची, तिच्यातला कीचकवध इतका खरा वाटला की तो कापून टाकायला लावला. त्याच पिक्चरबद्दल टिळकांनी त्यांना सिनेमाकेसरी म्हटलं. पडद्यावरच्या रक्ताची भीती आणि कौतुक, दोन्ही या गावात शंभर वर्षं जुनं आहे.

माझं म्हणणं साधं होतं. पोरं दिवसभर रीलमध्ये भाईच बघतात. कोयता, स्लो मोशन, मागं गाणं, आणि पोलीस यायच्या आत रील संपतं. तलवारीनं केक कापतात, चौकात फ्लेक्स लागतो, तेही तिथंच संपतं. त्यांनी कुठल्याच भाईचा शेवट बघितलेला नाही. हा पिक्चर शेवटपर्यंत थांबतो. टोनी, म्हणजे पिक्चरमधला भाई, बहिणीवर हक्क सांगत सांगत स्वतःच्या जिवलग दोस्ताला मारतो, तिनं त्या दोस्ताशी लग्न केलंय हेही त्याला नंतर कळतं. मग लोखंडी दारं लावून घरात कोंडून घेतो, बहीण गोळी लागून मरते, धूर सोडल्यावर हा जिन्यावरून खाली येतो आणि पोलिसांपुढं गयावया करतो. पळायला जातो आणि रस्त्यावर मरतो. फाशीत ते नाही. फाशी जाणाऱ्याचाही फ्लेक्स लागतो हो आपल्याकडे. पण गयावया करणाऱ्याचा लावून दाखवा.

तुम्ही म्हणाल, मग ते नाण्याचं काय? हो, पुढच्या आठवड्यात नाक्यावर चार पोरं त्या दोस्ताचं काम करणाऱ्या जॉर्ज राफ्टसारखं नाणं उडवत उभी होती, मी बघितलं. ते तुम्हा सगळ्यांना आठवतं. पिक्चरमध्ये त्याला गोळी लागते तेव्हा ते नाणं झेलायला हात येत नाही आणि ते खाली पडतं, हे पण त्या पोरांनी बघितलं होतं. कुठलं लक्षात राहिलं ते मी कसं सांगू? तुम्हीही सांगू शकत नाही.

आता ज्याच्यावरून तुम्ही हे सगळं विचारता त्या पोराचं. नाव घेत नाही. थोरला भाऊ कळंब्याच्या तुरुंगात, धाकटा हा आमच्या हॉलमध्ये. शेवट बघून बाकीची पोरं हसली, "रडला की ओ, कसला भाई", एकानं शिट्टी मारली. हा वायर गुंडाळायला माझ्याजवळ थांबला. वायर कोपर आणि पंजा यावर नीट गुंडाळत, माझ्याकडं न बघता म्हणाला, "मॅडम, आईनं तिला आधीच सांगितलंतं की." पिक्चरमध्ये टोनीची आई मुलीला बजावते ना, त्याचे पैसे घेऊ नको, तो तुलाही वाया घालवील. दीड मिनिटाचा सीन असेल. इतक्या गोळीबारात त्यानं ते धरून ठेवलं होतं. मला त्या रात्री फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

गणपतीत विसर्जनाच्या रात्री मारामारी झाली आणि केसमध्ये त्याचं नाव आलं. तेव्हापासून तुमचा हा प्रश्न सुरू झाला.

त्याची आई घरी आली होती, हे बऱ्याच जणांना माहीत नाही. बसा म्हटलं तर बसली नाही, दारातच चौकटीला धरून उभी. कामावरून आली होती, पिशवीतून डबा दिसत होता. "काय दाखवलंसा ते मला सांगा," म्हणाली. मी पहिल्यापासून सांगितलं, अगदी वर्गात सांगावं तसं. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. बहीण मरते तिथं पदर तोंडाला लावला. मी माझं ते शेवटाचं सगळं सांगितलं, रील संपतं, हा पिक्चर थांबतो, वगैरे. ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या आईचं शेवटी काय हुतं?"

आईचं काही होत नाही. मुलगी घर सोडून गेल्याचं ती टोनीला सांगते, तो तिरमिरीत निघतो, आणि त्यानंतर ती पिक्चरमध्ये नाहीच. मी आठवून आठवून बघितलं, मग तिला तसं सांगितलं. "म्हंजे तिला कळायचंच हाय अजून," म्हणाली आणि गेली.

शेवटपर्यंत थांबतो म्हणून ज्याची मी पेठभर बाजू घेत होते तो पिक्चर तिच्यापुरता थांबलेला नव्हता. यावर माझ्याकडं उत्तर नाही. पण म्हणून त्या पोरानं दगड उचलला तो १९३२ च्या पिक्चरमुळं, हे मी मान्य करणार नाही, मरेपर्यंत नाही. त्याच्या घरात काय चाललं होतं, भाऊ आत गेल्यावर नाक्यावर त्याला कोण काय चिडवत होतं, हे विचारायला तुमच्यातलं कोण गेलं होतं?

काही जण माझं जुनं पत्र काढून दाखवतात. १९९८ ला 'सत्या' आला तेव्हा मी एका पेपरला लिहिलं होतं की असे पिक्चर पोरांपासून लांब ठेवावेत, भिकू म्हात्रे त्यांना आवडायला लागेल. आवडलाच की. त्या पत्रातली बाई खोटं बोलत नव्हती. तिच्याशी मी अजून भांडते, ती म्हणते लांब ठेव, मी म्हणते आता कुणाच्या बापाला लांब ठेवता येतंय, खिशात मोबाईल आहे. ती म्हणते, मग निदान तू तरी हातानं देऊ नको. इथं आमचं दोघींचं अडतं.

परत दाखवणार का, असंही विचारता. दाखवणार, दिवाळी झाल्यावर, त्याच हॉलमध्ये. या वेळी आयांनाही बोलावलंय. त्या काय विचारतील त्याची माझी तयारी झालेली नाही.