तिसरं नाव

विस्कॉन्सिन-मिनेसोटाकडच्या जुन्या घरांच्या माळ्यावर दुपारची तिरीप आली की कोपऱ्यातली एखादी लाकडी पेटी उजळते. गोलसर झाकण, लोखंडी पट्ट्या, वेलबुट्टी आणि झोकात रंगवलेली अक्षरं. समजा, ऊले हान्सन बाक्के, १८६८. अमेरिकाकिस्टे म्हणतात तिला. नॉर्वेहून निघालेल्या माणसाचा संसार तिच्यात मावायचा. पूर्वज शोधणाऱ्या खापरपणतूला वाटतं, नाव मिळालं, साल मिळालं, आता काय उरलं!

बरंच उरलं. कारण त्या तीन शब्दांत नाव एकच, पहिलं. (अमेरिकेत त्याचंही ओली झालं.) हान्सन म्हणजे हान्सचा मुलगा, बहीण असती तर हान्सडाटर. आणि बाक्के हा चक्क पत्ता, चढावरचं शेत. ऊले घरजावई होऊन हाउगन नावाच्या शेतावर गेला की झाला ऊले हान्सन हाउगन. आपला ‘कर’वाला माणूस गाव सोडून पिढ्या लोटल्या तरी ‘कर’ सोडत नाही. इथे बिऱ्हाड हललं की नाव हललं. कायमचं आडनाव सक्तीचं झालं ते थेट १९२३ च्या कायद्याने. अमेरिकेत मात्र एकच काहीतरी ठेवणं भाग. एक भाऊ हॅन्सन झाला, दुसरा बाक्के, आणि नातवंडं एकमेकांना परकी.

त्यात बारशाची रीत. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. दोन्ही आजोबा ऊले असले तर घरात दोन जिवंत ऊले. मूल दगावलं की पुढच्याला तेच नाव. म्हणून बाप्तिस्मा सापडला की हुरळून जाऊ नये, त्याच पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या, दफनाच्या नोंदी आधी चाळाव्यात.

बाक्के नावाची शेतं नॉर्वेत जागोजागी आहेत. तेव्हा पॅरिशचं नाव हाती लागेपर्यंत समुद्र ओलांडायचाच नाही. ते मिळालं तर अमेरिकेतल्या लुथरन चर्चच्या वहीत मिळतं. १९०६ पूर्वीच्या नागरिकत्वाच्या कागदांत बहुतेकदा नुसतं ‘नॉर्वे’. आणि एलिस बेटावरच्या, न्यूयॉर्कच्या त्या आगमन केंद्रातल्या कारकुनाने आमचं नाव बदललं, ही लाडकी दंतकथा कृपा करून सोडावी. ते केंद्र उघडलं १८९२ मध्ये, आणि कारकून जहाजाची यादी समोर ठेवून तपासायचे, नावं ठेवत नव्हते. १८६८ चा माणूस तर बहुधा कॅनडातल्या क्वेबेकला उतरलेला. न्यूयॉर्कच्या याद्यांत डोळे फोडून काय मिळणार?

पॅरिश कळली की नॉर्वेच्या डिजिटालआर्किवेत, म्हणजे सरकारी अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर, सगळं फुकट बघता येतं. १८६५ ची शिरगणती आधी उघडावी : शेत, कुटुंब, वय, जन्माची पॅरिश. वय मात्र चालू वर्षाचं. २० म्हणजे विसावं लागलेलं, पुरं झालेलं नव्हे. १८६५ मधून २० वजा करून १८४५ च्या पानांवर शोधणारा हात हलवत परत येतो. शिरगणती वर्षअखेरची, म्हणून ऊले असतो १८४६ मध्ये. तिथून चर्चच्या वह्या. पंधराव्या वर्षाच्या आसपासचं दृढीकरण (चर्चमध्ये बाप्तिस्मा पक्का करण्याचा विधी) हे सर्वांत भरवशाचं पान, जन्मतारीख आणि आईबाप पुन्हा एकदा लिहिलेले. अक्षर गॉथिक, त्यात ‘ई’ आणि ‘एन’ जुळे भाऊ. शब्द लावत बसू नये. त्याच पाद्र्याने लिहिलेली ओळखीची नावं शोधून त्यांवरून त्याची बाराखडी करून घ्यावी. आणखी जुन्या वह्यांत तारखेऐवजी ‘ट्रिनिटीनंतरचा तिसरा रविवार’ भेटतो, आणि ट्रिनिटी हा ईस्टरवरून ठरणारा सण. मग त्या वर्षीचा ईस्टर काढून मोजत बसा. शेवटी बाहेरगावी गेलेल्यांची यादी, आणि क्रिस्तियानियाहून (आजचं ऑस्लो) निघाला असेल तर १८६७ पासूनची पोलिसांची वही.

या गडबडीत शिरगणतीतला धंद्याचा रकाना वाचायचा राहून जातो. हान्सच्या नावापुढे तिथे ‘हुसमन’ असतं. मालकाच्या जमिनीच्या कडेला खोपटं, आणि त्याच्या बदल्यात मालकाच्या शेतात राबणूक. बाक्के त्यांचं कधी नव्हतंच.