जुना पुणे नाका, स्मार्ट रोड आणि आमच्या गावाची उद्दिष्टं

महापालिकेच्या मतदानासाठी सोलापूरला गेलो होतो. १५ जानेवारी २०२६ म्हणजे ऐन गड्ड्यात, सिद्धेश्वराच्या यात्रेत, नुकताच अक्षता सोहळा झालेला, बाराबंदी घातलेले लोक अजून रस्त्यावर दिसत होते आणि त्याच गर्दीत बूथवरची पोरं चिठ्ठ्या वाटत होती. आई म्हणाली आधी मतदान करून ये मग जेव, कारण आज पाण्याचा दिवस हाय, पाणी सोडणारा चावीवाला कधी येईल सांगता येत नाही. तर मतदान, गड्डा आणि पाणी, तिन्ही एका दिवसात उरकलं.

आता नवीन सभागृह आलंय. आधीच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ ला संपली होती, तेव्हापासून पावणेचार वर्षं प्रशासकच कारभार बघत होते, म्हणजे ज्या लोकांना आपण गल्लीत अडवून बोलू शकतो अशी माणसंच नव्हती. आता १०२ माणसं आहेत. आणि माणसं आली की पहिल्यांदा काय येतं, तर संकल्प, व्हिजन, रोडमॅप. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आत्तापर्यंत अशी चार प्रेझेंटेशन आली, चारहीमध्ये काचेच्या बिल्डिंगा आणि झाडं, एकात तर सोलापूरच्या आभाळात ड्रोन. म्हणून मनात आलं की पुढची उद्दिष्टं ठरवायच्या आधी मागची एकदा बघावीत. आपल्याकडं हे कोणी करत नाही, जुना संकल्प कपाटात जातो आणि नवा छापायला जातो.

मागची म्हणजे कुठली, तर स्मार्ट सिटीची. २८ जानेवारी २०१६ ला पहिल्या वीस शहरांची यादी आली तेव्हा महाराष्ट्रातली दोनच गावं होती, पुणे दुसरं आणि सोलापूर नववं. मी तेव्हा पुण्यात नोकरीला नुकताच लागलो होतो, ऑफिसात पेढे नव्हे शेंगा चटणी वाटली होती, खोटं नाही सांगत. नागपूर नाही, नाशिक नाही, आमचं सोलापूर! केंद्र पाचशे कोटी देणार, साधारण तेवढेच राज्य आणि महापालिका मिळून घालणार, त्यासाठी सोलापूर सिटी डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन नावाची वेगळी कंपनी काढली. योजना ३१ मार्च २०२५ ला संपली. म्हणजे हिशोबाला बसायला आता हरकत नाही.

कामं झाली, नाही झाली असं म्हणणं चूक होईल. इंद्रभुवनची इमारत बघा. मल्लप्पा वारदांनी बांधलेला तो वाडा, त्यात महापालिका बसते, त्याची नीट डागडुजी केली आणि रात्री लाइट लावल्यावर खरंच बघत राहावं असं दिसतं. पार्क स्टेडियम सुधारलं, तिथं २०२४ ला पुन्हा रणजी सामना झाला. होम मैदान, रंगभवन, डफरीन चौकाकडचा रस्ता. पाहुणे आले की आपण त्यांना बरोबर तेवढ्याच भागातनं फिरवून आणतो आणि म्हणतो बघा गाव कसं बदललं.

पण गाव तेवढंच नाही ना. १९९२ च्या हद्दवाढीनंतर सोलापूर पावणेदोनशे चौरस किलोमीटरच्या वर गेलं, आणि तीस वर्षं होऊन गेली तरी त्या भागाला अजून आम्ही 'हद्दवाढ'च म्हणतो, जसं काही काल-परवा जोडलंय. स्मार्ट सिटीत बहुतेक पैसा एका निवडलेल्या पट्ट्यात घालायचा असा नियमच होता. त्यामुळं एक भाग फोटोत आला, बाकीच्यांनी फोटो फॉरवर्ड केला.

आता पाणी. पाण्याशिवाय सोलापूरवर लिहिणं म्हणजे भाकरीशिवाय शेंगा चटणी. उजनी धरण भरलं की पुण्या-मुंबईतले लोक व्हिडिओ टाकतात, ११० टक्के, १११ टक्के. आणि त्याच उजनीचं पाणी जिथं जातं त्या गावात चार-पाच दिवसांनी नळ येतो. बाहेरच्या माणसाला हे कळतच नाही. त्याला वाटतं दुष्काळ असेल. दुष्काळ नाही हो, अंतर आहे. उजनी ते सोलापूर सुमारे ११० किलोमीटरची पाइपलाइन, वाटेत गळती, वीज गेली की पंप बंद, शिवाय दुसरं पाणी टाकळीला भीमेतनं उचलायचं म्हणजे उजनीतनं नदीत औज बंधाऱ्यापर्यंत पाणी सोडायचं, पिण्याच्या थोड्या पाण्यासाठी अख्खी नदी ओली करायची. म्हणून १७० एमएलडीची, म्हणजे दिवसाला १७ कोटी लिटरची, समांतर जलवाहिनी ठरली, तिच्यावर किती बैठका, किती टेंडर, किती तारखा झाल्या ते आमच्या वयाच्या प्रत्येकाला पाठ आहे. पण धरणापासून गावापर्यंत पाणी आलं म्हणून लगेच रोज नळ येत नाही. पुढं टाक्या लागतात, व्हॉल्व्ह लागतात, पेठांतल्या जुन्या लाइनी बदलाव्या लागतात. ती कामं जमिनीखालची, उद्घाटनाला रिबन लावायला जागा नाही.

आणि टेक्नॉलॉजी म्हणाल तर सोलापुरातली सगळ्यात उपयोगी टेक्नॉलॉजी म्हणजे आमच्या गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप. 'पाणी आलं.' एवढा एकच मेसेज. रात्री अडीचला पण येतो, आणि दोन मिनिटांत अख्ख्या गल्लीत मोटारी चालू झाल्याचा आवाज. मी सॉफ्टवेअरमध्ये दहा वर्षं काढली, एवढी भरवशाची नोटिफिकेशन सिस्टीम मी कुठल्या कंपनीत बघितली नाही. ती चालते कशावर, तर चावीवाल्यानं चावी फिरवली की कोपऱ्यावरच्या काकू बघतात आणि टाइप करतात. मग मला सांगा, टेक्नॉलॉजीचा आराखडा करायचा तर सुरुवात कुठून करायला पाहिजे? खांबावरच्या स्क्रीनपासून का काकूंपासून? कुठल्या व्हॉल्व्हवर कुठली घरं आहेत हे चावीवाल्याच्या डोक्यात आहे. तो रिटायर झाला की ते पण रिटायर. ते नकाशावर उतरवा, चावी फिरली की त्या घरांना एसएमएस जाऊ दे, आणि दर महिन्याला झोनवार सांगा की किती दिवसांनी पाणी दिलं. आठच तर झोन आहेत. एक कागद पुरतो. ह्याला ना ड्रोन लागतो ना कंट्रोल रूमची भिंतभर स्क्रीन.

पण हे सगळं लिहायला मी बसलो नव्हतो खरं. मला लिहायचं होतं ते धंद्याबद्दल, कारण त्या प्रेझेंटेशनमध्ये शेवटून दुसऱ्या स्लाइडवर 'स्थानिक अर्थव्यवस्थेला चालना' असं लिहिलेलं होतं आणि खाली काहीच नव्हतं, एक वर जाणारा बाण होता फक्त.

आमचे आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. त्याच्याआधी जुनी मिल, नरसिंग गिरजी, भोंग्यावर गाव उठायचं म्हणतात, मी तो भोंगा ऐकला नाही, ऐकणाऱ्यांना ऐकलंय. मिल गेल्या आणि गाव यंत्रमागावर तरलं. पूर्व भागात, अशोक चौक, साखर पेठेकडं गेलात तर घराघरातनं मागाचा खडखड आणि त्यावर तेलुगूतनं चाललेलं बोलणं. वडील तिथं जॉबर होते, माग चालते ठेवणारे. चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलं झालं, पण बाजारात सोलापुरी म्हणून विकली जाणारी प्रत्येक चादर सोलापूरची नसते हे दुकानदाराला पण माहीत आणि गिऱ्हाइकाला पण. बायका विड्या वळतात, हजारोंनी, त्यांच्यासारख्या असंघटित कामगारांसाठी कुंभारीला ३० हजार घरांचं रे नगर उभं राहतंय, पहिल्या १५ हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ ला दिल्या. आणि आता नवं म्हणजे युनिफॉर्म. माझा चुलत भाऊ त्यातच आहे, एमआयडीसीत बारा मशिनी, शाळांचे युनिफॉर्म शिवतो, एप्रिल-मेमध्ये त्याला फोन केला तर शिवी घालतो एवढा बिझी.

तर एवढा सगळा धंदा गावात चाललाय. महापालिकेला तो दिसतो कुठून?

लहानपणी जकात होती. जुना पुणे नाका आता नुसतं ठिकाणाचं नाव आहे, रिक्षावाल्याला सांगायला, पण नाका म्हणजे खरंच नाका होता, ट्रकांची रांग, पावती फाडणारा माणूस, आणि पावतीबरोबर जे काय चालायचं ते पण चालायचं, मला जकातीचं कौतुक करायचं नाही. व्यापारी वैतागलेले असायचे, ट्रकवाले तासन्‌तास उभे. पण एक होतं. गावात माल आला की महापालिकेच्या खिशात पैसा यायचा, आणि माल कमी झाला की दुसऱ्या दिवशी नाक्यावरच कळायचं. गावच्या बाजाराला ताप आला की महापालिकेला पण ताप यायचा. मग जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, त्याच्यावर राज्यभर बंद झाले, १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटी काढला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर सगळंच संपलं. बदल्यात राज्य सरकार महापालिकांना दर महिन्याला नुकसानभरपाई देतं, २०१६-१७ चं उत्पन्न धरून दरवर्षी चक्रवाढ आठ टक्क्यांनी वाढवत.

इथं माझं डोकं अडकतं. आठ टक्के म्हणजे गावात शंभर कारखाने नवीन निघाले तरी आठ, आणि शंभर बंद पडले तरी आठ. उद्या सगळे माग भंगारात गेले तर महापालिकेच्या त्या खात्यात फरक दिसणारच नाही. मिळकतकर राहिला, तो इमारतीवर, आत मशीन चालू आहे का कुलूप आहे ह्याच्याशी त्याला फार देणंघेणं नाही. मग उरलेला पैसा योजनेचा, अनुदानाचा, तो ज्या नावानं येतो त्या नावानं खर्च करावा लागतो. म्हणून उद्दिष्टं तशी ठरतात. तळ्याला पैसा आला की तळं आपलं उद्दिष्ट, खांबाला आला की खांब. ह्यात कोणी वाईट माणूस नाही, नगरसेवकांना शिव्या देऊन मोकळं होणं सोपंय, पण त्यांच्या जागी आपण बसलो तरी अंदाजपत्रकात आपल्याला तेच रकाने दिसणार.

२०२५ ला मुख्यमंत्र्यांनी सोलापूरला आयटी पार्क म्हणून सांगितलं. विमान पण जून २०२५ पासून सुरू झालं, त्यासाठी २०२३ ला सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली त्यावरनं गावात काय वातावरण होतं ते वेगळंच, तो विषय काढला तर आमच्या घरात अजून दोन पार्ट्या पडतात. आयटी पार्क झालं तर पहिला अर्ज माझा. हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेलेली आमच्या बॅचची अर्धी पोरं वाट बघतायत. पण आयटी पार्क महापालिकेच्या हातात नाही, ते राज्य आणि एमआयडीसी बघणार. महापालिकेच्या हातात काय, तर रस्ता, ड्रेनेज, पाणी, दिवाबत्ती, सिटी बस, परवाने, भाजीवाल्याला बसायला जागा. आणि मला वाटतं हीच स्थानिक अर्थव्यवस्था आहे. सिटी बसचंच घ्या, शिलाईला येणाऱ्या बाया अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत येतात कशा, शेअर रिक्षानं, जाऊन-येऊन रोजच्या मजुरीतला एक तुकडा तिथंच जातो. आमची एसएमटी कधीकाळी धावायची, आता बस दिसली की लोक मोबाईल काढून फोटो घेतील. भाऊ सांगत होता, पाण्याच्या दिवशी बाया उशिरा येतात किंवा येतच नाहीत, पाणी भरायला घरी कोणीतरी लागतं आणि ते कोणीतरी म्हणजे बाईच. त्याच्या बारा मशिनीतल्या चार त्या दिवशी बंद. सगळ्यांचा पाण्याचा दिवस वेगळा, त्यामुळं रोज कोणी ना कोणी नाहीच. हे मी आधी कधी जोडलंच नव्हतं. पाण्याचं वेळापत्रक म्हणजे त्याच्या कारखान्याचं हजेरीपत्रक आहे, आणि ते इंद्रभुवनमध्ये ठरतं.

आता थोड्या दिवसांत अंदाजपत्रक येईल. आयुक्त मांडतील, स्थायी समितीकडनं सभागृहात जाईल, त्यात शे-दीडशे पानं असतील. मला त्यातलं एकच पान पाहिजे, आठ झोन, प्रत्येकात मागच्या वर्षी सरासरी किती दिवसांनी पाणी आलं आणि पुढच्या मार्चला किती दिवसांनी येणार. बाकी सोलापूर स्मार्ट, ग्रीन, ग्लोबल काय असेल ते असू दे.

भावाला म्हटलं, तू जा की नवीन नगरसेवकाकडं, हेच सांग, तुझ्या चार मशिनी कशा बंद राहतात ते, लिहून नेलंस तर बरं. तो हसला. म्हणाला, "जातो की बे, त्यात काय. फक्त मंगळवार सोडून सांग. मंगळवारी आमच्याकडं पाणी असतंय."