कोपिंगवर उभं राहताना

शुक्रवार, रात्री

गाडी भरून झाली. दोन सायकली, तीन माणसं. सायकलींची पुढची चाकं आणि पेडल काढून जुन्या चादरीत गुंडाळलीत. वीस इंची चाकांची बीएमएक्स, म्हणजे उड्या-कसरतींची सायकल, दिसायला लहान, पण व्हॅनमध्ये घालताना हँडलबार कुठेतरी अडतोच. ताईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकुटाची बरणी दिली, आणि दारात दाजींना बजावलं, "ह्या दोघांकडे लक्ष ठेवा." दाजी सायकलला हात लावत नाहीत. ते गाडी चालवणार, चहा करणार आणि बघत बसणार. फिलाडेल्फियापासून कॅलिफोर्नियापर्यंत, वाटेत जिथे स्केटपार्क, म्हणजे सायकल आणि स्केटबोर्डसाठी बांधलेल्या उतारांची जागा, लागेल तिथे उतरायचं. साडेचार हजार किलोमीटरच्या आसपास.

बाळ्याचा टी-शर्ट मघाशी खांद्यावरून सरकला तेव्हा ती रेघ दिसली. कॉलरबोनवर प्लेट आहे, सात स्क्रू. दोन वर्षांपूर्वी आमच्या न्यू जर्सीच्या पार्कात बॉक्स जंपच्या, म्हणजे चढावरून उडून पलीकडच्या उतारावर उतरायच्या ठोकळ्याच्या, रन-अपला उभा होता. दोनदा निघाला, दोनदा ब्रेक दाबून मागे फिरला. मी ओरडलो, "जा रे, होतंय!" तो गेला. मागचं चाक लँडिंगच्या कडेवर आपटलं आणि तो खांद्यावर पडला. मला त्याने कधी बोलून दाखवलं नाही. पण त्यानंतर आम्ही दोघं एका पार्कात एकत्र गेलेलो नाही. ह्या प्रवासाचं त्यानेच काढलं.

शनिवार

निघताना एफडीआर स्केटपार्क बघून घेतला. फिलाडेल्फियाच्या दक्षिणेला, आय-95 हायवेच्या पुलाखाली. नव्वदच्या दशकात शहराने तिथे थोडंसं बांधून दिलं. बाकीचं सगळं स्केट करणाऱ्या पोरांनी स्वतः सिमेंट कालवून, स्वतः थापीने घोटून उभं केलंय. त्यामुळे तिथे कुठलाच उतार दुसऱ्यासारखा नाही. एके ठिकाणी भिंत हळूहळू चढते, तिच्या शेजारचीच एकदम उभी होते. पुलाच्या खांबांपर्यंत रंग फासलेले, आणि डोक्यावरून ट्रक गेला की सगळा पार्क घुमतो.

सकाळी सातला कुणी नव्हतं. आम्ही सायकली काढल्याच नाहीत, नुसते पायी फिरलो. बाळ्या एका उतारावर उकिडवा बसला आणि तळहाताने सिमेंट चाचपत राहिला. मीही हात लावून बघितला. वर खरखरीत, खाली जिथे सगळ्यांची चाकं जातात तिथे गुळगुळीत. थंड.

मग दिवसभर गाडी. पेनसिल्व्हेनिया संपता संपत नाही.

रविवार, लुइव्हिल

केंटकीतल्या ह्या पार्कासाठी मी दहा वर्षं थांबलोय. 2002 मध्ये उघडला, चाळीस हजार चौरस फूट काँक्रीट, फुकट. आणि मधोमध 24 फुटी फुल पाइप. म्हणजे काँक्रीटची नळीच, आडवी टाकलेली, आत तीन माणसं एकावर एक उभी राहिली तरी वर जागा उरेल.

फुल पाइपला वरून सुरुवात नसते. तळाशी दोन-तीन पेडल मारायची आणि एका बाजूला चढायचं, वेग संपतो तिथे वळून खाली यायचं आणि समोरच्या बाजूला चढायचं. पेडलला पुढे काही काम उरत नाही. उतार संपून चढ लागतो त्या जागी हातापायांनी सायकल खाली दाबायची, आणि चढ सुटताना स्वतःला हलकं करायचं. झोपाळ्यावर उभं राहून झोका वाढवतात तसंच. झोका वाढला की आवाज बदलतो. आधी टायरची घरघर, मग शीळ. सगळ्यात वरच्या टोकाला क्षणभर काहीच ऐकू येत नाही. मी नऊ फुटांपर्यंत गेलो असेन. भिंत उभी होते बारा फुटांवर. तिथपर्यंत माझा जीव झाला नाही, आणि मी खरोखर समाधानी होतो.

बाळ्या पाइपच्या तोंडाशी बसून होता. हेल्मेट घातलेलं, ग्लोव्ह्ज घातलेले. पाऊण तास. मी एकदाही त्याला ये म्हणालो नाही, नको म्हणालो नाही. मला वाटलं, गप्प राहणंच बरं.

सोमवार

सेंट लुइस ओलांडून एका छोट्या गावात थांबलो. पार्क नवा कोरा, आणि फाटकावर पाटी: सायकली चालणार नाहीत. तिथल्या माणसाने नीट सांगितलं तरी मन खट्टू झालंच. अमेरिकेत हे जागोजाग आहे. कारणं खोटी नाहीत. चाकाच्या आसाला बसवलेले लोखंडी पेग काठावर घासले की काँक्रीटचे टवके उडतात. शिवाय सायकलचा वेग आणि वाट स्केटबोर्डपेक्षा वेगळी, त्यामुळे टक्कर होते. पण ह्यावर उपाय आहेत. पेगवर प्लास्टिकच्या नळ्या मिळतात, आम्ही दोघंही त्याच लावतो. काही गावांत सायकलींना वेगळे तास दिलेत. सरसकट बंदी घातली की त्या गावातली सायकलवाली पोरं रस्त्यावर, मोटारींमध्ये खेळतात. हे मी तळमळीने म्हणतोय. आम्ही वाद घातला नाही, निघालो.

मंगळवार, टल्सा

ओक्लाहोमातलं हे शहर म्हणजे बीएमएक्स शर्यतींचं माहेर झालंय. राष्ट्रीय संघटनेचं मुख्यालय इथे, तिचं स्टेडियम 2022 मध्ये उघडलं. शर्यत आणि आम्ही करतो ते फ्रीस्टाइल, म्हणजे उड्या-कसरती, ही दोन वेगळी घराणी. शर्यत ऑलिंपिकमध्ये 2008 ला बीजिंगमध्ये आली, फ्रीस्टाइल टोकियोला. बाळ्या ट्रॅककडे बघत म्हणाला, "इथे निदान सगळ्यांना एकदम निघायला लागतं. गेट पडलं की संपलं." मी हसलो. तो हसला नाही.

बुधवार, ओक्लाहोमा सिटी

ह्या शहराने पार्काला बीएमएक्सवाल्या मॅट हॉफमनचं नाव दिलंय. हॉफमन इथलाच. सायकलवर अडीच फेऱ्यांची गिरकी, म्हणजे 900, पहिल्यांदा त्याने 1989 मध्ये मारली. पुढे मोटरसायकलने ओढून घेत तो 24 फुटी रँपवर चढला आणि तिच्या वर आणखी 26 फुटांहून जास्त उडाला. लुइव्हिलच्या पाइपमध्ये उभा राहून आलेला माणूस हा आकडा वेगळा वाचतो. त्या नळीच्या छतापर्यंत रँप, आणि तिथून वर तेवढंच आकाश. अशाच एका पडण्यात त्याची प्लीहा फाटली होती, मरता मरता वाचला.

दुपारी मी पडलो. मोठं काही करत नव्हतो. क्वार्टर पाइपवरून, म्हणजे पाव नळीच्या आकाराच्या उतारावरून, उतरताना पुढचं चाक कोपिंगला, म्हणजे काठावरच्या लोखंडी पाइपाला, अडकलं. कोपर, खांदा, मग डोकं. हेल्मेटचा ठक असा आवाज मला आतून ऐकू आला. मी लगेच उठलो आणि सायकल उचलली.

दाजी बाकावरून कधी उठले ते कळलंच नाही. त्यांनी सायकलचं हँडल धरलं.

"आजचं झालं."

"दाजी, काही झालेलं नाही. बघा, नीट उभा आहे."

"उभा आहेस ते दिसतंय. आजचं झालं."

मी चिडलो. दोन हजार किलोमीटर गाडी हाकून आलो आणि अर्ध्या तासात बसायचं? मी त्यांच्याशी वरच्या आवाजात बोललो, जे मी ह्या आठ वर्षांत कधी केलं नव्हतं. त्यांनी हँडल सोडलं नाही, आवाजही चढवला नाही.

रात्री हॉटेलच्या दिव्याखाली हेल्मेट उलटं धरून बघितलं. आतल्या फोमला केसाएवढी चीर होती, अंगठ्याएवढी लांब. फोम एकदाच मार खातो, दुसऱ्यांदा त्याच्यात दाबायला काही उरत नाही. डोक्याचंही तसंच काहीसं आहे. पहिला धक्का भरून यायच्या आत दुसरा बसला तर तो साधा असला तरी जिवावर बेतू शकतो. बीएमएक्सवाला डेव्ह मिरा आठवला. एक्स गेम्स ह्या साहसी खेळांच्या स्पर्धेतली 24 पदकं. 2016 मध्ये, 41 व्या वर्षी त्याने स्वतःला संपवलं. नंतर तपासणीत त्याच्या मेंदूत सीटीई सापडला, डोक्याला पुन्हापुन्हा मार बसलेल्यांमध्ये आढळणारा आजार. आमच्यासारख्या खेळांतला पहिलाच खेळाडू ज्याच्या बाबतीत हे नक्की झालं. मी त्याचे व्हिडिओ बघून टेलव्हिप, म्हणजे हवेत सायकलचा मागचा भाग गोल फिरवायची कसरत, शिकलो. त्याच्याबद्दल लिहिताना अजूनही घसा दाटतो.

दाजींच्या खोलीचं दार वाजवून माफी मागितली. ते म्हणाले, "चहा घेतोस?"

शुक्रवार, अल्बुकर्क

काल दिवसभर गाडीत. डोकं दुखत नाही, मळमळ नाही, उजेडाचा त्रास नाही. तरी ह्या प्रवासात मी पुन्हा सायकलवर बसणार नाही, हे मी स्वतःच ठरवलं.

इथे शहरातून पावसाचं पाणी वाहून न्यायला काँक्रीटचे रुंद नाले बांधलेत. दोन्ही बाजूंना तिरके, गुळगुळीत उतार. सायकलवाल्याचा पाय तिथून निघत नाही. पण आत जायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. पाऊस डोंगरावर पडतो आणि इथे ऊन असताना पाणी लोंढ्याने येतं. बाळ्या कठड्यावर हात ठेवून बराच वेळ खाली बघत उभा होता. मी त्याच्याबरोबर उभा राहिलो. "ह्या वळणावर काय कार्व्ह बसला असता," तो म्हणाला. कार्व्ह म्हणजे उतारावर तिरकं घेतलेलं लांब वळण. मी म्हणालो, "त्या सांध्याच्या जरा वरून." तो माझ्याकडे वळून बघायला लागला. ह्या सहा दिवसांत सायकलिंगबद्दल मी त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य होतं.

शनिवार, ॲरिझोनात कुठेतरी

दाजी मागे झोपले होते. मी चालवत होतो. बाहेर मिट्ट काळोख, फक्त रस्त्याची पांढरी रेघ. बाळ्या अचानक म्हणाला,

"लुइव्हिलला तू काहीच का बोलला नाहीस?"

"मागच्या वेळी बोललो होतो की."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तू जा म्हणालास त्याचं मला काही नाही रे. जायचं मलाच होतं. पण तू बाकावर बसून म्हणालास."

मी गाडीचा वेग कमी केला.

"रन-अपमध्ये एक सांधा होता," तो म्हणाला. "दोन स्लॅबमध्ये. बोटभर वर आलेला. तिथे दर वेळी वेग मरत होता, म्हणून मी मागे फिरत होतो. मला कळत नव्हतं काय होतंय ते. तू चार पावलं चालून आला असतास तर तुला दिसलं असतं."

त्या पार्कात मी त्यानंतर पन्नास वेळा तरी गेलोय. तो सांधा मला माहीत आहे. पाऊस पडला की त्याच्यात पाणी साचतं.

रविवार, लाँग बीच

1963 मध्ये श्विन कंपनीने स्टिंग-रे नावाची लहान चाकांची सायकल काढली, आणि काही वर्षांनी ह्याच भागातली पोरं ती घेऊन मातीत मोटोक्रॉसची, म्हणजे मोटरसायकलच्या शर्यतींची, नक्कल करायला लागली. 1970 मध्ये इथे लाँग बीचला स्कॉट ब्राइटहॉप्ट नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाने एका मोकळ्या जागेवर शर्यती भरवल्या. आमच्या खेळाचा उगम म्हणतात तो हाच. आम्ही त्या भागात चक्कर मारली. समुद्राचा वास, दुपारची शांतता, एका घरासमोर अंगणात पडलेली पोरांची सायकल.

मग वस्तीतला एक लहानसा पार्क. दुपारी चारनंतर सायकलींना मोकळा. मधोमध बॉक्स जंप, जवळजवळ आमच्याकडे आहे तेवढाच.

बाळ्या रन-अपला जाऊन उभा राहिला. हँडलवर हात, एक पाय जमिनीवर. "काय रे?" तो म्हणाला.

मी उठलो. त्याच्यापासून जंपपर्यंत चालत गेलो, पाय घासत. सांधे सपाट होते. डाव्या बाजूला झाडाची बारीक वाळकी पानं होती, ती बुटाने बाजूला सारली. लँडिंगवर तळहात फिरवला तर खालच्या टोकाशी ओल लागली. शेजारच्या हिरवळीचे फवारे तिथपर्यंत उडत होते.

"ओल आहे खाली," मी ओरडून सांगितलं. "दहा मिनिटं थांब."

तो थांबला. दाजींनी थर्मासमधून चहा ओतला. आम्ही तिघं काठावर बसून काँक्रीटचा काळा पट्टा आक्रसत पांढरा होताना बघत होतो. मी पुन्हा जाऊन हात लावला. कोरडं.

"दोन पेडल जास्त मार," मी म्हणालो, आणि लँडिंगच्या बाजूला, दोन हात अंतर सोडून उभा राहिलो. तिथून त्याचा चेहरा दिसत होता.

तो निघाला. चाकं काठावरून सुटली, आणि मागचं चाक लँडिंगवर उताराच्या मधोमध बसलं, फक्त टप असा आवाज करून. तो माझ्या शेजारून गेला तेव्हा त्याचं तोंड उघडं होतं, आणि आवाज काहीच नव्हता.

पाच वेळा गेला. पाचव्या वेळी पुढचं चाक किंचित वाकडं उतरलं, हात थकले होते त्याचे. सहाव्यांदा तो रन-अपला वळला तेव्हा मी हात वर केला. त्याने बघितलं, आणि पाय खाली टेकवला.