ॲम्बॅसेडरच्या ब्लॉकवर एमजीबीचे हेड

स्टड (हेड कसायचे उभे बोल्ट) जुळले म्हणजे हेड (इंजिनाच्या ब्लॉकवरचे सिलिंडरांचे झाकण) जुळले, ही समजूत आमच्या धंद्यात फार खोल रुजलेली आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हेड फेसिंग (हेडाचा खालचा पृष्ठभाग तासून सपाट करणे), व्हॉल्व्हच्या सीट आणि गाईडची कामे करताना ही समजूत घेऊन आलेली अनेक गिऱ्हाइके मी पाहिली. मात्र गेल्या पावसाळ्यात आलेले एक काम अजून डोक्यातून जात नाही, म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

गाडी मार्क टू ॲम्बॅसेडर, मालक निवृत्त प्राध्यापक. इंजिन 1489 सीसीचे, म्हणजे मूळचे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे (बीएमसी) बी-सिरीज. त्याच्या हेडला दोन आणि तीन नंबरच्या एक्झॉस्ट सीटच्या मधोमध तडा गेलेला होता. त्या दोन सिलिंडरांचा एक्झॉस्ट पोर्ट सामाईक असल्यामुळे तेवढा भाग सर्वांत जास्त तापतो आणि तडा बहुतेक तिथेच जातो. शिवाय सीट खोल बसल्या होत्या. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, तेव्हापासून बिडाच्या साध्या सीटवर चालणाऱ्या जुन्या हेडांचे हे ठरलेले दुखणे आहे.

सरांच्या चिरंजिवांनी इंग्लंडहून एमजीबीचे वापरलेले हेड पाठवले होते. एमजीबी ही 1962 साली आलेली स्पोर्ट्स कार. तिचे 1798 सीसीचे इंजिन याच बी-सिरीज घराण्यातले, स्ट्रोकही (पिस्टनची वर-खाली चाल) तोच, 88.9 मिलिमीटर. फरक बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या व्यासाचा : एमजीबीचा 80.26, आपल्या ॲम्बॅसेडरचा 73.025. हेड ब्लॉकवर ठेवले तेव्हा अकराही स्टड विनासायास पार झाले. आधीच्या गॅरेजने तेवढेच पाहून "बसतंय सर, पिकअप दुप्पट होईल" असे सांगून टाकले होते. असे बोलणे मला अजिबात सहन होत नाही, कारण त्याची किंमत गिऱ्हाईक मोजते.

मी दोन्ही हेडांचे चेंबर, म्हणजे मिश्रण पेटते ती पोकळी, मापायला घेतले. हेड उलटे ठेवायचे, व्हॉल्व्ह आणि प्लग बसवायचे, चेंबरच्या कडेला ग्रीसचा पातळ थर देऊन त्यावर भोक पाडलेली ॲक्रिलिकची चकती दाबायची आणि ब्युरेटमधून पातळ तेल सोडायचे. चकतीखालचा शेवटचा बुडबुडा जाईपर्यंत घाई करायची नाही. जुने चेंबर 39 सीसी भरले, एमजीबीचे 43. पिस्टनचा खड्डा, डेक (पिस्टनचा माथा आणि ब्लॉकची वरची कड यांतली फट) आणि गॅस्केट मिळून आणखी 21 सीसी होते. त्या काळच्या कमी ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी ठेवलेले 7.2 चे कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) या नव्या हेडने 6.8 वर येणार होते. श्वास मोठा आणि दम कमी, अशी इंजिनाची अवस्था झाली असती.

यावर सरळ उपाय हेड फेसिंगचा. पाच सीसी कमी करायला साधारण 1.4 मिलिमीटर काढावे लागते आणि तेवढे काढायला हेडात जाडी होती. पण त्याआधी मी पिस्टनवर आणि ब्लॉकच्या कडेवर मुलांची खेळायची माती थापली, दाबलेले जुने गॅस्केट घालून हेड कसले, टॅपेट लावले आणि क्रँक हाताने दोन फेरे फिरवला. हेड उचलल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेचा ठसा पिस्टनवर नव्हे, तर बोअरच्या बाहेर, ब्लॉकच्या माथ्यावर उमटलेला होता. मोठ्या बोअरसाठी घडलेला व्हॉल्व्ह लहान बोअरच्या कडेवर येत होता. ठशाखाली माती उरली होती 1.6 मिलिमीटर. त्यातून 1.4 काढले असते, तर इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह ब्लॉकवर आपटायला कितीसा वेळ लागला असता? कॉम्प्रेशनसाठी हेड खाली आणावे, तर व्हॉल्व्ह आडवा येतो. व्हॉल्व्हसाठी वर ठेवावे, तर कॉम्प्रेशन जाते. सगळी गुंतागुंत याच ठिकाणी होती.

बोअरिंगवाले आमचे ज्येष्ठ मिस्त्री म्हणाले, ब्लॉकला व्हॉल्व्हपुरती चंद्रकोर काप आणि मोकळा हो. विलायतेतल्या शर्यतीच्या गाड्यांत असे करतात, हे खरे आहे आणि त्यांच्या हाताबद्दल मला शंका नाही. पण ती खाच वरच्या रिंगच्या दिशेने उतरते, आणि मूळ नंबराचा असा ब्लॉक एकदा कापला की परत भरून येत नाही. मी नकार दिला. सरांना सांगितले, बोअर झिजलेलेच आहेत, तेव्हा थर्टी ओव्हर (व्यास इंचाच्या तीस सहस्रांशाने मोठा) करू आणि कमी खड्ड्याचे पिस्टन मागवू. चिरंजिवांनी ते पाठवले. हेडाचे फेसिंग मी अर्ध्या मिलिमीटरवर थांबवले, एक्झॉस्टला कडक सीट बसवल्या आणि कॉम्प्रेशन 8.2 आले. व्हॉल्व्ह आणि ब्लॉकमध्ये 1.1 मिलिमीटर राहिले.

गॅस्केटचा प्रश्न उरला होता. ॲम्बॅसेडरचे गॅस्केट लावले तर त्याची कड चेंबरमध्ये डोकावते, तिथे ती लाल होते आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवते. म्हणून पाण्याची भोके एकेक जुळवून पाहून एमजीबीचेच गॅस्केट घातले. दुकानात "ॲम्बॅसेडर पेट्रोल" एवढ्या नावावर काहीही हातात ठेवतात आणि माप विचारले की चेहऱ्याकडे पाहतात. फेसिंगमुळे खाली आलेल्या रॉकर शाफ्टच्या पायांखाली तितकेच पॅकिंग दिले आणि नट मधून बाहेर या क्रमाने, टप्प्याटप्प्याने 50 फूट-पाउंडावर कसले.

आंबा घाटात जिथे पूर्वी दुसऱ्या गिअरवर यावे लागे, तिथे गाडी आता तिसऱ्यावर चढते, असे सर आनंदाने सांगून गेले. ते ऐकून मला बरे वाटले. पण कॅम जुनाच आणि कार्ब्युरेटर एकच असताना यातले हेडामुळे किती आणि वाढलेल्या कॉम्प्रेशनमुळे व नव्या रिंगांमुळे किती, हे मला वेगळे काढता येत नाही. जुन्या नमुन्याचेच धड हेड शोधून तेच पिस्टन घातले असते, तर कदाचित निम्म्याहून अधिक फरक तिथेच मिळाला असता. चंद्रकोर कापली असती, तर सरांचा पिस्टनचा खर्च वाचला असता. हा हिशेब मी अजून करतो आहे. ब्लॉक न कापण्याबद्दल मात्र मन डळमळत नाही.

पुढे कधी गॅस्केट उडाले, तर दुसरा कोणी मिस्त्री हे हेड नेहमीच्या सवयीने फेसिंगला लावील, याची मला धास्ती आहे. पाव मिलिमीटरपेक्षा जास्त काढण्याइतकी जागा आता उरलेली नाही. म्हणून हेडाच्या बाजूला, प्लगांच्या वरच्या पट्टीवर, मी ते माप पंचने ठोकून ठेवले आहे आणि सरांच्या गाडीच्या कागदांत त्याची चिठ्ठी लावली आहे.