तुम्ही विचारलंत म्हणून: ताईच्या पुस्तकाचे दोन गुण

"एक गुण वाढवला असतास तर तुझं काय गेलं असतं?"

गेल्या सहा महिन्यांत हा प्रश्न मला मावशीने विचारला, दोन्ही भाच्यांनी विचारला, वाचणाऱ्या मैत्रिणींनी विचारला आणि ज्यांनी ते पुस्तक हातातही धरलेलं नाही त्यांनीही विचारला. प्रत्येकाला मी काहीतरी वेगळंच सांगितलं. कुणाला म्हणाले, गुण पुस्तकाला असतात, माणसाला नसतात. कुणाला म्हणाले, आता जाऊ दे तो विषय. एकीशी तर चक्क भांडले. म्हणून आता एकदाच काय ते लिहून टाकते.

वहीचं सगळं तुम्हाला माहीत आहेच. गेल्या वर्षी वाचलेलं प्रत्येक पुस्तक मी तारखेसकट नोंदवलं, पाचपैकी गुण दिले, खाली दोन-चार ओळींचा शेरा लिहिला आणि डिसेंबर संपता संपता त्या पानांचे फोटो काढून तुम्हा पंधराएक जणांना पाठवले. ताईने मोठ्या मायेने दिलेल्या कादंबरीपुढे त्यात दोन होते. कादंबरीचं नाव इथे घेत नाही. तिच्यावरून व्हायचा तेवढा वाद झालाय.

आधी माझी बाजू ऐका. वर्षभरात ६१ पुस्तकं वाचून झाली. पाच गुण मिळाले फक्त ४ पुस्तकांना. चार मिळाले १९ पुस्तकांना, तीन २४ पुस्तकांना, दोन ११ पुस्तकांना आणि एक ३ पुस्तकांना. सरासरी ३.१६ येते. अर्धवट सोडलेली ९ वेगळी, त्यांना मी गुणच दिले नाहीत. ताईचं पुस्तक मी सोडलं नव्हतं, शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं, हे कुणी लक्षातच घेत नाही. दोन मिळालेली आणखी दहा पुस्तकं त्या वहीत आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आजवर कुणी अवाक्षर विचारलेलं नाही. ओळखीच्या एकाच्या कवितासंग्रहाला मी तीन दिले, त्यालाही ते लागलं असणार. त्याच्यासाठी तिनाचे चार केले असते तर ज्या १९ पुस्तकांनी आपल्या बळावर चार मिळवले त्यांचं मी काय करायचं होतं? एका आकड्याशी खोटं बोललं की सगळी वही खोटी होते, असं मला तेव्हा वाटत होतं. आजही बरंचसं तसंच वाटतं.

आणि दोन म्हणजे काही 'टाकाऊ' नव्हे. वाचक पुस्तकांना तारे देतात त्या गुडरीड्स या संकेतस्थळावर दोन ताऱ्यांचा अर्थ 'ठीक होतं' असा दिलेला असतो आणि तीन ताऱ्यांचा 'आवडलं'. माझ्या डोक्यात तेच माप होतं. पण हे माप मी वहीत कुठेही लिहिलं नव्हतं, ही माझी चूक. तुम्ही ते आकडे पाहिलेत ते शाळेतल्या गुणांसारखे. पाचपैकी दोन म्हणजे चाळीस टक्के, जेमतेम पास. ताईनेही तसंच वाचलं असणार. ती सगळ्या परीक्षांत पहिली येणारी मुलगी होती.

दोनच का, तेही सांगते. कादंबरीची पहिली शंभर पानं छान आहेत. मग लेखक पात्रांना बोलू देईनासा होतो, स्वतःच बोलत सुटतो, आणि शेवट तर असा गळपटलाय की पुस्तक मिटल्यावर मला फसवल्यासारखं झालं. तशाच अवस्थेत मी वही ओढली आणि आकडा लिहिला. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. लोकांनी एकदा १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात ६० सेकंद हात बुडवून ठेवायचा. एकदा तसेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, त्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलेलं. यातलं पुन्हा काय कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेलं निवडलं. त्रास जास्त वेळ झाला होता, पण शेवटी जरा कमी झाला होता आणि तेवढंच मनात राहिलं. हे वाचलं तेव्हा मी वही काढून पाहिली. दोन मिळालेल्या ११ पुस्तकांपैकी ७ पुस्तकांच्या शेऱ्यात 'शेवट' हा शब्द आहे. म्हणजे अडीचशे पानांच्या पुस्तकाला मी गुण देत होते ते शेवटच्या वीस पानांचे.

पण हेही पुरतं खरं नाही. पाच गुण मिळालेल्या चार पुस्तकांत 'स्मृतिचित्रे' आहे. लक्ष्मीबाई टिळक १९३६ मध्ये गेल्या, आत्मचरित्र अपुरं राहिलं आणि पुढे त्यांच्या मुलाने ते पुरं केलं. तिथे मला शेवट आठवलासुद्धा नाही. बाईंचा आवाज कानात होता, पाच लिहिताना हात अडखळला नाही. मग ताईच्या पुस्तकाच्या वेळीच मी शेवटाला का धरून बसले? याचं उत्तर माझ्याकडे नाही. एक शंका आहे. 'स्मृतिचित्रे' मी आपणहून उचललं होतं आणि ताईचं पुस्तक माझ्यावर सोपवलं गेलं होतं. "हे तू वाचायलाच हवंस" म्हणून हाती आलेल्या पुस्तकाकडे मी पहिल्या पानापासून जरा रोखूनच बघते. लहान बहिणीने मोठीची आवड निमूट आपली करायची नाही, हा हट्ट त्यात किती होता, ते मला सांगता येणार नाही.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते.

ताईची ती प्रत जुनी. विशीत असताना तिने ती कितीदा तरी वाचली होती आणि जागोजागी पेन्सिलीने रेघा ओढल्या होत्या. पट्टी लावून ओढलेल्या नव्हेत, हाताने, थोड्या वर चढणाऱ्या. कुठे समासात बारीक टिंब. एके ठिकाणी समासात नुसतं 'हो' लिहिलेलं. हे सगळं मी वाचताना पाहिलं होतं आणि मला त्याचा त्रास झाला होता. कुणीतरी आधीच बोट ठेवलेल्या वाक्यावर आपलीही नजर आपोआप थांबते, ते मला नको होतं. म्हणून शेऱ्यात मी लिहिलं: 'सुरुवात चांगली. शंभर पानांनंतर पाल्हाळ. शेवट गळपटला. पेन्सिलच्या रेघांचा फार अडथळा.'

चार वाक्यं. फोटोत चारही स्पष्ट वाचता येतात. तुम्ही सगळे दोनाच्या आकड्यापाशी थांबलात. चौथ्या वाक्याबद्दल मला एकानेही विचारलं नाही.

फोटो पाठवले त्याच रात्री ताईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "दोन दिलेस होय."

"अगं, पुस्तकाला दिलेत."

"कळतं मला." मग थोडं थांबून, "वाचून झालंय ना? सवडीने परत कर."

आवाजात राग नव्हता. तो असता तर मी समजूत घातली असती, नाहीतर उलट वाद घातला असता. दोन्ही मला येतं. मी पुढच्याच आठवड्यात पुस्तक नेऊन दिलं. तिने ते घेतलं आणि ठेवून दिलं. त्याविषयी आम्ही एक शब्द बोललो नाही.

चार महिने गेले. दुसरंच काही वाचत असताना त्या कादंबरीतला एक प्रसंग अचानक डोळ्यांसमोर आला. नायिकेला परत न्यायला भाऊ येतो. ती दारातच त्याला सांगते की मी येणार नाही. मग त्याची बॅग स्वतः उचलते आणि त्याला रस्त्यापर्यंत सोडून येते. एवढंच. मला ते नेमक्या शब्दांत पुन्हा वाचावंसं वाटायला लागलं, आणि नवल वाटलं की दोन गुणांच्या पुस्तकातलं हे इतकं लख्ख आठवतंय. वही काढली. चार गुण मिळालेल्या १९ पुस्तकांची नावं एकेक करून वाचली. त्यातल्या सहांमधलं एकही पात्र मला नावानिशी आठवेना. एकाची तर गोष्टही आठवेना. 'फार सुरेख बांधणी' असा शेरा माझ्याच अक्षरात होता आणि बांधणी कशाची, ते डोक्यातून साफ पुसलेलं.

ताईकडे गेले, पुस्तक मागितलं. तिने लगेच काढून दिलं. मी तिथेच उभ्या उभ्या उघडलं. पानं मोकळी होती. रेघा नव्हत्या, टिंबं नव्हती.

"अगं, रेघा?"

"पुसल्या," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला वाचायला द्यायचं तर पान स्वच्छ असलेलं बरं."

मी काही बोलले नाही. काय बोलणार होते? घरी येऊन दिव्याखाली पुस्तक धरलं. पानं जिथे शिवलेली असतात त्या घळीत खोडरबराचा करडा चुरा अडकून बसला होता. पुस्तक उलटं करून झटकलं तरी सगळा निघाला नाही. दोन-तीन ठिकाणी घासून घासून कागदाचा पापुद्रा उठला होता. जुना कागद, त्याला किती सोसणार! आणि पान तिरपं धरलं की रेघ होती तिथे बारीक चर दिसत होता. विशीतली ताई पेन्सिल दाबून लिहायची. शिसं गेलं, चर राहिले.

सगळं पुस्तक मी तसं वाचलं, पान तिरपं करून, कुठे कुठे चर आहेत ते बघत. चार संध्याकाळी लागल्या. भाऊ परत जातो त्या प्रसंगापाशी आले. समासात बोट फिरवल्यावर लागलं. 'हो' तिथेच होता. पहिल्यांदा वाचताना मी तो शब्द पाहिला होता, पण कुठल्या वाक्यापुढे आहे ते पाहिलंच नव्हतं. ताईने विशीत कुणाला नकार दिला, की द्यायचा राहून गेला, मला माहीत नाही. आमच्यात तसं बोलणं कधी झालेलं नाही. पण तिने ते पुस्तक माझ्या हातात दिलं तेव्हा ती नुसतं पुस्तक देत नव्हती, एवढं तरी मला कळायला हवं होतं.

आता तुम्ही म्हणाल, मग झालं तर, कर त्या दोनाचे पाच. सगळ्यांचं हेच म्हणणं. आणि इथेच माझी गाडी अडते. दुसऱ्यांदा वाचूनही शंभर पानांपुढचा पाल्हाळ तसाच आहे. शेवट तितकाच कच्चा आहे. ताईच्या रेघासुद्धा पुढे पुढे विरळ होत जातात, शेवटच्या पन्नास पानांत एकही चर नाही. म्हणजे तिलाही ते जाणवलं असेल का? विचारायचं धाडस झालेलं नाही. द स्टोरीग्राफ या गुडरीड्ससारख्याच संकेतस्थळावर पाव ताराही देता येतो म्हणतात. मीही वहीत बसून सव्वादोन, अडीच, पावणेतीन असं करून पाहिलं. प्रत्येक आकडा दोनापेक्षा जास्त खोटा वाटला.

डिसेंबरातली मी अजून माझ्याशी भांडते. ती म्हणते, पुस्तकाला पुस्तक म्हणूनच तोलायचं, कुणी दिलं, कुणी रेघा ओढल्या हे त्यात आणायचं नाही, नाहीतर गुण देण्याला अर्थ काय? मी तिला म्हणते, अगं, ताईचं मन दुखावेल म्हणून तू आकडा बदलला नाहीस ते ठीक, पण मग चौथं वाक्य कशासाठी लिहिलंस? ते तर पुस्तकाबद्दल नव्हतंच. यावर तिच्याकडे उत्तर नाही. पण लगेच ती विचारते, ते एक वाक्य नसतं तर दोनाचं ताईला काही वाटलं नसतं, असं तुला म्हणायचंय का? आणि तिथे मी गप्प होते. ताईने आकड्यामुळे रेघा पुसल्या की शेऱ्यामुळे, की खरंच दुसऱ्या कुणाला वाचायला देण्यासाठी, ते तिने सांगितलेलं नाही.

यंदाही वही सुरू आहे. जूनअखेर २७ पुस्तकं झाली. गुण देते, कारण नाही दिले तर सहा महिन्यांनी मी स्वतःलाच सांगेन की मला सगळंच आवडलं होतं. पण आता प्रत्येक नोंदीत पुस्तक कुठून आलं, कुणी दिलं, तेही लिहिते. फोटो पाठवणार की नाही, ते डिसेंबरात बघेन. गेल्या वर्षीच्या पानावर दोन आहेत ते तसेच आहेत. चौथं वाक्य खोडायला एकदा पेन उचललं होतं, पण ते खोडलं तर ताईने काय वाचलं होतं त्याचा पुरावाच जाईल, म्हणून राहू दिलं.

गेल्या आठवड्यात ताईने विचारलं, "नव्या वहीत काय काय आलं?" मी तासभर सांगत होते. तिने पाच कुणाला दिलेस ते विचारलं, एक कुणाला दिलास तेही विचारलं. दोन कुणाला, ते विचारलं नाही. तिचं पुस्तक अजून माझ्याकडेच आहे. ती मागत नाही आणि मला ते परत करवत नाही.