ताईची डिग्री आणि माझे हेलपाटे

परवा ताईचं डिग्री सर्टिफिकेट आलं एकदाचं. ताई म्हणजे माझी मावसबहीण, न्यू जर्सीला एडिसनमध्ये असते, वय ४४, आणि तिचं बीकॉम एसवाय पास होऊन जे लटकलं ते २००१ पासून लटकलेलंच. टीवायला असताना लग्न ठरलं, व्हिसा आला, सगळे म्हणाले तिकडे जाऊन पूर्ण कर गं, आणि मग वीस-बावीस वर्षं कोणी विचारलंच नाही.

तिने जेव्हा पहिल्यांदा सांगितलं की मी आता नुसत्या परीक्षा देऊन क्रेडिट (म्हणजे डिग्रीसाठी विषयागणिक जमवायचे गुण) घेणारे आणि आपले मुंबईचे मार्क पण त्यात धरणारेत, तेव्हा खरं सांगते, मला वाटलं हिला कोणीतरी टोपी घालतंय. पेपरात येतंच की असलं, पैसे भरा डिग्री घ्या टाइप. आई बाजूला मटार सोलत बसलेली, ती म्हणाली, "त्यात बोगस काय? मी नाही का बाहेरून बीए केलं? तू दोन वर्षांची होतीस, तुला आजीकडे टाकून पेपर द्यायला जायचे."

आता काय बोलणार. हे तेच होतं की, बाहेरून परीक्षा देणं. फक्त आपल्याकडे अख्खं वर्ष बाहेरून द्यायचं, तिकडे एकेक विषय सुटा देता येतो.

ताईने ज्या दिल्या त्या परीक्षेला क्लेप म्हणतात, ती सॅट ही कॉलेज प्रवेशाची परीक्षा घेणाऱ्या अमेरिकेतल्या कॉलेज बोर्डाची, १९६७ पासून चालू आहे. बहुतेक पेपर दीड तासाचे, कॉम्प्युटरवर, स्कोअर २० ते ८० मध्ये, साधारण ५० आले की पास धरतात आणि बऱ्याच विषयांना ३ क्रेडिट मिळतात. निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि निबंधाचा पेपर सोडला तर तिथल्या तिथे स्क्रीनवर स्कोअर. रिझल्टसाठी महिनोन्‌महिने तंगवलेल्या आम्हा लोकांना हे ऐकूनच कसंतरी झालं. फी शंभर डॉलरच्या आसपास, पण मॉडर्न स्टेट्स म्हणून एक संस्था आहे, तिचा ऑनलाइन कोर्स फुकटात पूर्ण केला की ती फीचं व्हाउचर देते, ताईने बरेचसे पेपर तसेच उरकले. मात्र हे क्रेडिट घ्यायचं की नाही हे ज्या त्या कॉलेजच्या मर्जीवर. म्हणून तिने ट्रेंटनची थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी धरली, १९७२ ची आहे, नोकरी-संसारवाल्या मोठ्या माणसांसाठीच काढलेली, बाहेरचे क्रेडिट भरपूर घेते. (एडिसनमध्ये राहून एडिसनच्याच नावाच्या युनिव्हर्सिटीत, यावर काकांचा पीजे प्रत्येक फोनला.)

माझं काम होतं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे इथल्या मार्कांचा अधिकृत उतारा, मिळवणं. तिकडे आपले मार्क आधी इव्हॅल्युएशन एजन्सीकडून विषयवार तपासून घ्यावे लागतात, आणि एजन्सीला पाकीट हवं सीलबंद, फ्लॅपवर शिक्का मारलेलं, आपल्या हातचं झेरॉक्स नाही चालत. कुठलं ऑफिस ते लिहीत नाही, पण चार खेपा झाल्या. पहिल्या खेपेला लंच टाइम, दुसऱ्या खेपेला चलन चुकीचं, तिसऱ्या खेपेला साहेब रजेवर आणि जुनं रजिस्टर सापडत नाही. प्रत्येक वेळी हाफ डे टाकून, भर दुपारी, घामाघूम. चौथ्या खेपेला तिथल्या एका बाईंनी स्वतः उठून रजिस्टर शोधलं, ताईचं नाव सापडल्यावर म्हणाल्या, "पास आहे की ही सगळ्यात, मग सोडलं कशाला?" मी काय सांगणार त्यांना.

इव्हॅल्युएशनमध्ये ५४ क्रेडिट निघाले. डिग्रीला लागतात १२०, म्हणजे जवळजवळ निम्मं काम तिने विशीतच करून ठेवलेलं आणि आम्ही सगळे तिला अर्धवट शिकलेली समजत होतो. आणि सगळ्यात भारी म्हणजे एफसीचे पण क्रेडिट मिळाले! फाउंडेशन कोर्स! ज्या लेक्चरला अख्खा वर्ग कॅन्टीनमध्ये असायचा त्याला अमेरिकेने मान दिला, आम्ही दोघी फोनवर हसून मेलो.

उरलेल्या ६६ पैकी ३३ क्लेपने काढले. सोशिऑलॉजी, मार्केटिंग, मॅनेजमेंट सहज गेले. भाषेच्या परीक्षेला मात्र स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन एवढंच, मराठी नाही, नाहीतर फुकटचे क्रेडिट होते. अमेरिकन हिस्टरीत ती आपटली, ४७ आले, आणि नापास झालं की तोच पेपर परत द्यायला तीन महिने थांबावं लागतं. दीड तासात सव्वाशेच्या आसपास प्रश्न आणि सगळ्या सनावळ्या परक्या. तेव्हा मी तिला एक युक्ती काढून दिली जिचा मला अजून माज आहे. १६३० म्हणजे शिवजन्म, त्याच वर्षी बॉस्टन वसलं. १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून, बॉस्टन टी पार्टी त्याच डिसेंबरात. १८०३ ला असईची लढाई, तिकडे अमेरिकेने फ्रान्सकडून केलेली लुइझियानाची खरेदी. १८५७ तर सांगायलाच नको, आपल्याकडे उठाव पण आणि मुंबई विद्यापीठ पण, तिकडे ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्याचा निकाल. आमच्या रात्री साडेदहाला तिचा लंच ब्रेक, तेव्हा मी फोनवर "काका मला वाचवा" ओरडायचे आणि ती "टी पार्टी!" दुसऱ्या खेपेला ५८.

क्लेपवर अख्खी डिग्री होत नाही हे पण सांगते, त्यातले बहुतेक क्रेडिट खालच्या लेव्हलचे. वरच्या लेव्हलचे तिने ऑनलाइन कोर्स करून आणि शेवटचा कॅपस्टोन (सगळं शिकलेलं वापरायचा समारोपाचा कोर्स) युनिव्हर्सिटीतच करून मिळवले, रात्री भांडी आटपून बारा-बारा वाजेपर्यंत.

हे वाचून कोणी मुंबईत बसून तीच डिग्री करायला जाल तर थांबा, परदेशातली ऑनलाइन डिग्री यूजीसीच्या २०२५ च्या नियमांत समकक्ष धरत नाहीत. आपल्याकडे २०२१ पासून ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे, माझ्या भाच्याचे क्रेडिट त्यात जमा होतात, सात वर्षं टिकतात. पण २०२१-२२ च्या आधीचं काही त्यात जात नाही, त्यामुळे आमच्या पिढीला रजिस्टर आणि शिक्काच.

सर्टिफिकेटचा फोटो आईला दाखवला. तिने झूम करून करून पाहिला आणि विचारलं, "यावर बाहेरून केलं असं लिहिलंय का कुठे?" म्हटलं नाही गं. मग उठली, कपाटातून आपलं काढलं आणि चष्मा लावून खिडकीपाशी वाचत बसली.